विलायती सुतक

नगर जिल्ह्यात दुःखाला कधी तोटा नव्हता. पण थेट विलायतेतून दुःख मागवून ते घरच्यासारखं सांभाळणारा माणूस जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा थोरला आतेभाऊ आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. जामखेडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा सुप्याच्या एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो, नागापूरला राहतो, आणि कॉलेजात असल्यापासून एका इंग्रजी रॉक बँडवर त्याची निष्ठा आहे. इतकी निष्ठा आमच्याकडे लोक फार तर साखर कारखान्याच्या पॅनेलवर ठेवतात, आणि तीही निवडणुकीपुरती. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. देवनागरीत लिहिलेलं त्याला चालत नाही, आणि इंग्रजीत लिहिलं तर स्पेलिंग तपासायला तो माझ्या घरी येईल.

या बँडचं वेड त्याला लावलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे नगरला हॉस्टेलवर दादाच्या खोलीत राहणारा भिक्षुकाच्या घरातला मुलगा. पुढे जामखेडला इंग्रजीचा शिक्षक झाला म्हणून मास्तर. त्यांच्याकडे एक कॅसेट होती, ती दोघांनी मिळून झिजवली. दादाचं इंग्रजी तेव्हाही बेताचं होतं, आजही आहे. पण गाणी त्याला सगळी पाठ. शब्द त्याचे स्वतःचे, चाल मात्र सुईच्या टोकाएवढीही हलायची नाही. त्या कॅसेटमधल्या एका संथ गाण्याबद्दल त्याची खात्री होती, की त्यात एक माणूस पावसाची वाट बघत बसला आहे. ते ऐकताना त्याचे डोळे भरून यायचे. बऱ्याच वर्षांनी मास्तरांनी सांगितलं की तो माणूस पावसाची नाही, टॅक्सीची वाट बघतोय. दादा म्हणाला, "मास्तर, जामखेडात टॅक्सी कुटं हाय? पाऊसच आसनार." पुढेही त्याने तो पाऊसच ठेवला.

स्वतःच्या लग्नात वरातीला त्याने त्याच बँडचं गाणं वाजवायला लावलं. गावच्या बँडवाल्यांनी आठवडाभर कॅसेट घरी नेऊन तालीम केली. प्रत्यक्षात जे वाजलं, ते ऐकून वऱ्हाडी मंडळींना कुणाची तरी तब्येत बिघडली असं वाटलं. पण नवरदेव घोड्यावरून खाली उतरला आणि त्याने भर रस्त्यात ट्रंपेटवाल्याला मिठी मारली. वहिनी सांगतात, "त्याच दिवशी मला कळलं, या घरात माझी एक सवत हाय, आन तिला दाढी हाय." सवत म्हणजे त्या बँडचा गायक. दादा त्याचा उल्लेख नेहमी 'आपला मानूस' असाच करायचा. आपल्या माणसाला सर्दी झाली, आपल्या माणसाने दुसरी बायको केली, हे आम्हाला गावाकडच्या बातम्यांसारखं वेळच्या वेळी कळायचं.

तो आपला माणूस काही वर्षांपूर्वी वारला. दादाने मोबाईलवर बातमी वाचली, कारखान्यातून रजा घेतली, मिशी उतरवली आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसला. मिशी उतरलेली बघून शेजारच्यांचा समज झाला की गावाकडे कुणी गेलं. रीतीप्रमाणे दोन्ही बाजूंनी पिठलं-भाकरी आली. वहिनींना कोण गेलं हे सांगवेना, आणि भांडी परत करवेनात. दादाने ते पिठलं मुकाट्याने खाल्लं. समाचाराला आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "वय काय हुतं?" दादा म्हणाला, "लई न्हाई. आजून गात हुता." म्हातारा भजनी होता. त्याला ते इतकं लागलं, की तो डोळे पुसतच उठला. मास्तर जामखेडहून पहिल्या एसटीने आले. दोघं समोरासमोर बसून राहिले, गाणं मात्र कुणी लावलं नाही.

सुतक फिटलं, पण सावट राहिलं. तरी दर दुसऱ्या रविवारी मास्तर येत राहिले, चहा आणि जुनी गाणी होत राहिली. आणि मग बँडने जाहीर केलं की नवी गायिका घेतली आहे, तिशीतली एक मुलगी, आणि बँड पुन्हा दौऱ्यावर निघतो आहे. जिल्ह्यात या बँडचे चाहते मोजून चार, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एक. त्यात दोन आणि दोन अशी सरळ फूट पडली. बाकीच्या दोघांचं सोडा. पण एका बाजूला दादा होता आणि दुसऱ्या बाजूला मास्तर.

तो रविवार मी बघितलेला आहे. मास्तरांनी मोठ्या उमेदीने तिचा व्हिडिओ लावला. दादाने अर्ध्यात मोबाईल पालथा घातला.

"बाई हाय म्हनून न्हाई म्हनत मी," दादा म्हणाला. "त्याचा सख्खा भाऊ आला आसता तरी न्हाई."

"अरे, पण गाणी मरू द्यायची का?" मास्तर म्हणाले. "बँडमधले बाकीचे चौघं म्हातारे झालेत. वाजवायचं सोडून घरी बसू दे का त्यांना?"

"बसू दे. दुःख झालंय तर बसावं मानसानं."

"किती दिवस?"

"मास्तर, उद्या मी रिटायर झालो की माझ्या जागी कंपनी पोरगं घेईल. मशीन चालंल, मी न्हाई म्हनत न्हाई. पन त्या पोराला माझं नाव घेऊन हाक मारली, तर चालंल का?"

मास्तर हट्टाला पेटले. "तुला गाणं नकोच आहे. तुला नुसतं सुतक पाहिजे. तू सुतकातच सुखी आहेस."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते बोलायला नको होतं. दादा उठून आत गेला. मास्तरांनी चहा अर्धा ठेवला आणि एसटी स्टँडची रिक्षा धरली. त्यानंतर त्यांचे रविवार बंद झाले. दादा रविवारी दार उघडं ठेवून बसायचा आणि वहिनींना म्हणायचा, "वारा येतो म्हनून उघडं हाय." वारा मागच्या खिडकीतून येतो, हे वहिनींना माहीत होतं.

पुढे तो बँड मुंबईला यायचा ठरला. या दोघांनी उभ्या जन्मात त्याला प्रत्यक्ष ऐकलेलं नव्हतं. मास्तरांनी दादाला निरोप धाडला, दादाने उलट निरोप दिला, "मी मयतीला जाऊन आलोय. बारशाला येनार न्हाई." मग मास्तर मला घेऊन गेले. तेव्हा त्यांना चालताना दम लागत होता, मधेच थांबून ते आजूबाजूच्या इमारती बघितल्यासारखं करायचे. मैदानात आमच्या भोवती सगळी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाची गर्दी, आणि मधे हे इस्त्रीचा शर्ट खोचून उभे. ऊन उतरत असताना नव्या गायिकेने ते पावसाचं संथ गाणं सुरू केलं, आणि मास्तरांनी खिशातून मोबाईल काढून दादाला लावला. फोन उचलला गेला. पलीकडून हूं की चूं नाही. मास्तरांनी हात उंच करून मोबाईल स्टेजकडे धरला. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हाताने धरला. गाणं संपल्यावर बघितलं तर फोन चालूच होता. मास्तर "ऐकलंस?" म्हणाले, तेव्हा तो बंद झाला.

"बोलला नाही," मास्तर मला म्हणाले, "पण ठेवलाही नाही. बघ तू, पुढच्या रविवारी भांडायला येतो की नाही." परतीच्या गाडीत ते त्या भांडणाचीच तयारी करत होते.

वहिनींनी मला नंतर सांगितलं, की दादा तेव्हा फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता, समोरच्या चहावर साय धरली होती. फोन बंद केल्यावर तो भिंतीला म्हणाला, "वरती आवाज फाटतो तिचा." तो खरंच भांडायला जाणार होता. पण कारखान्यात काम निघालं, मग पाहुणे आले. मास्तर काय, जामखेडलाच आहेत, असं म्हणून त्याने दोन रविवार ढकलले. तिसऱ्या रविवारच्या आधी मास्तर वर्गात फळ्याकडे वळता वळता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला दादा आणि मी जामखेडला गेलो. नदीकाठी पिंड मांडला होता, आणि कावळा शिवत नव्हता. लिंबावर दोन कावळे होते, ते भलतीकडे तोंड करून बसलेले. मास्तरांच्या मुलाने हात जोडून सांगितलं, आईला पुण्याला घेऊन जाईन. कावळा हलला नाही. भाऊ म्हणाला, घराचं बघतो, काळजी करू नका. कावळा हलला नाही. ऊन चढायला लागलं, गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. तेव्हा मागे उभा असलेला दादा चप्पल काढून पुढे आला. मिशी त्याने आदल्या दिवशीच उतरवली होती. त्याने हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मास्तर, चांगली गाती ती पोरगी."

कुणाला काही कळलं नाही. मास्तरांच्या बायकोने मात्र पदर तोंडाला लावला. आम्ही सगळे लिंबाकडे बघत होतो. एक कावळा उडाला, तो नदीपलीकडे निघून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

परत येताना दादा गाडीत खिडकीशी बसला. चिंचोडीच्या पुढे आल्यावर म्हणाला, "कळलं त्याला."

"काय कळलं?"

"मी खोटं बोललो ते. हॉस्टेलपासून वळखायचा तो माझं खोटं."

आता अधूनमधून रविवारी मीच नागापूरला जातो. मला त्या गाण्यांतलं फार कळत नाही, दादाला बरं वाटावं म्हणून एकदा म्हणालो, "काही म्हण, पहिल्या गायकाची सर हिला नाही." तर तो माझ्यावर उसळलाच. तिचा श्वास बघ, म्हणाला, तिची शब्दफेक बघ, आणि ती एवढ्या गर्दीत दुसऱ्याच्या जागेवर उभी राहते, तिचं काळीज बघ. मास्तरांनी जे जे म्हटलं असतं ते सगळं तो, लालबुंद होऊन, नगरच्या बोलीत मला सुनावत होता. मी म्हणालो, "बरोबर आहे दादा तुझं. पटलं मला."

तो एकदम थांबला. बोलायला उचललेला हात तसाच खाली आला, आणि त्याने गाण्याचा आवाज बारीक केला.

"तू लई लवकर ऐकतो रे," तो म्हणाला. "इतक्या लवकर ऐकू न्हाई मानसानं."