अंगठ्यावर पाचपर्यंत

जेवण करून श्रीपाल चौगुले आरामखुर्चीत रेलतो, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एकेक ब्रशलेस मोटर आहे. टॉर्चच्या जाड सेलएवढ्या, दिसायला जुळ्या. उजवीवर आकडा ३६००, डावीवर २०००. एका व्होल्टमागे मोटर मिनिटाला तेवढे फेरे घेते. रविवारी इचलकरंजीबाहेरच्या तलावावर रिमोटच्या होड्यांची शर्यत आहे, आणि आप्पासो मगदुमांनी अकरा महिने घासून केलेल्या होडीत यातली एकच बसणार आहे. तशी होडी पुन्हा व्हायची नाही, कारण करणारा मार्चमध्ये गेला. चुकीची मोटर बसली तर ती तलावाच्या मध्यावर जळेल आणि होडीलाही घेऊन जाईल.

श्रीपालचं मन ३६००वर आहे. त्याला कारणही भक्कम आहे. शर्यतीतला त्याचा प्रतिस्पर्धी दानोळे, त्याच्या होडीत ३२०० आहे, आणि ही माहिती दानोळेनं त्याला आप्पांच्या शोकसभेत, दोन मिनिटांच्या शांततेतल्या दुसऱ्या मिनिटाला, कानात दिलेली आहे.

पापण्या जड होतात. छताचा पंखा फिरताफिरता यंत्रमागासारखा खडखडायला लागतो. समोर आप्पांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, व्हार्निशचा वास आहे, आणि आप्पा तांब्याची तार उलगडत बसलेत. मार्चचं कुणीच काढत नाही.

"काय करालायस?"

"मोटर निवडतोय, आप्पा."

"टोमॅटो निवडल्यासारखी? मोठा दिसला की टाक पिशवीत?"

या माणसानं अडतीस वर्षं यंत्रमागांच्या मोटरी भरल्या. सायकलवरून जाताना नुसत्या आवाजावर सांगायचे, ही गुरुवारपर्यंत टिकत नाही. मालक हसायचे. गुरुवारी तीच मोटर रिक्षात घालून दारात यायचे. आप्पा 'म्हटलं होतं की' असं एकदाही म्हणाले नाहीत. दोन चहा सांगायचे, एक मालकाला. श्रीपालनं आयुष्यात अनेक मोठी माणसं पाहिली, पण बरोबर ठरल्यावर गप्प बसलेला हा एकटाच.

दुकानाची पायरी उतरतात तर खाली तलाव आहे. पाण्यात गुडघाभर माग उभे आहेत आणि चालू आहेत. दोघं लुंग्या वर खोचतात. होडीत ३६०० बसलेली आहे. कधी बसवली, कुणास ठाऊक. श्रीपाल रिमोटचा खटका ओढतो आणि होडी पाण्याला टेकेनाशीच होते. मागांच्या मधून तीन फेऱ्या. असला वेग त्याच्या हातून कधी झालेला नाही. तो कौतुकाच्या आशेनं वळून बघतो.

"आण इकडं," आप्पा म्हणतात. "अंगठा ठेव. पाच मोज."

ही त्यांची कायमची परीक्षा. तीन फेऱ्यांनंतर मोटरवर अंगठा ठेवून पाच मोजता आले तर जोडणी जमली. श्रीपाल अंगठा ठेवतो. एक म्हणतो, चटक्यानं दोन अर्धवटच राहतात.

"आकडा ताकदीचा नसतो रे. भुकेचा असतो. चार सेलची बॅटरी, होडीच्या बुडाला एवढा मोठा पंखा, त्यावर ही हावरट. करंट सोडणारा कंट्रोलर हिला किती घास भरवंल?"

मग २०००. होडी झेपावत नाही. पाणी धरून, शिवण घातल्यासारखी जाते. पुन्हा अंगठा. पाच होतात, आठ होतात. आप्पा मोटर हातात घेऊन तिचा दांडा फिरवतात, कानाशी नेतात.

"ब्रश नाही, कार्बनची भुकटी नाही, झिजायला काही नाही. ही आधी आली असती तर मी उपाशी मेलो असतो." दांडा पुन्हा फिरवून म्हणतात, "पण काय केलीय बघ कुणीतरी."

पाणी आता आरामखुर्चीच्या पायांना लागलेलं आहे. श्रीपालला जे विचारायचं होतं ते आत्ता तोंडात येतं. दानोळेची ३२०० आहे. आप्पांच्या होडीनं, आप्पांच्या माघारी, सगळ्या गावासमोर मागं पडायचं?

"आप्पा, हरलो तर?"

"हर की. पण होडी घरी आण. घरी आलेली होडी पुढल्या रविवारी पुन्हा जाती."

आणि ते दोन चहा सांगायला वळतात.

पंखा पुन्हा पंखा होतो. खिडकीत साडेतीनचं ऊन आहे. ३६०० मांडीवर घरंगळली आहे, गार. डाव्या मुठीत २००० तशीच आहे. पद्मा, त्याची बायको, समोर उभी राहून त्याच्या उजव्या हाताकडे बघतेय. अंगठ्याच्या टोकाला टपोरा, पाणी भरलेला फोड आहे.

"हे काय भाजून घेतलंत?"

"चहाचा कप असेल गरम," श्रीपाल म्हणतो.

"चहा अजून टाकलाच नाही."

"मग टाक. दोन कप."

"मी नाही घेत या वेळेला."

"माहीत आहे," तो म्हणतो, आणि उजवा अंगठा वर धरून, डाव्या हातानं, होडीत २०००चे स्क्रू पिळायला बसतो.