सारवलेल्या मातीचा श्वास

अगं, इकडे ये, अशी जवळ बस. शेतकी शिकलीस, नोकरीला लागलीस, आणि कैनाड गावच्या मावशीची वाडी काही तुला दिसत नाही. शेवटी मीच आले तुझ्या झरी गावाला. आता ऐक.

गेल्या वर्षी पाऊस सरताना कॉलेजची एक मुलगी आली, वाडीतली माती तपासू द्या म्हणाली. आमच्या ह्यांनी लगेच हो म्हटलं, आणि तिने चिकूच्या झाडांखाली पांढऱ्या पाइपाचे वीतभर तुकडे ठोकले. त्यावर झाकण, झाकणाला नळी, नळीला यंत्र. म्हणाली, "आजी, माती श्वास सोडते, तो मोजते. ओल असली की जोरात, उन्हाळ्यात मंद."

गोड बोलते हो. पण तेव्हा गावोगाव मोजणीवाले हिंडत होते. कुणाची वाडी रस्त्यात जाणार, कुणाची रेल्वेत. त्यांचीही सुरुवात खुंटी ठोकूनच.

मी म्हटलं, "श्वास मोजून काय, मातीला सलाईन लावणार?"

ती हसली. माझी धाकटी जाऊ नाही हसली. मुलगी गेल्यावर जाऊ म्हणाली, "ताई, श्वास मोजायला डॉक्टर बसला की माणसाचं काही खरं नसतं. वाडी चालली आपली."

थंडीत मुलगी येऊन गेली, उन्हाळ्यात परत आली. यंत्र लावलं आणि बघतच राहिली. माती कोरडी ठणठणीत, पण आकडा पावसाळ्याच्या वर! माझ्याकडे संशयाने बघते, "आजी, खत घातलंत?" मी म्हटलं, "मी कशाला घालू?" मी तिच्याकडे तशीच बघतेय.

तेवढ्यात जाऊ आतून, "खत कसलं? सारवलंय मी. सारवलेल्या जागेवर मोजणीवालासुद्धा चप्पल घालून पाय देत नाही."

प्रत्येक पाइपाच्या आत, अगं, हात घालून शेणाने गुळगुळीत सारवलेलं! मुलीने कपाळाला हात लावला. "काकू, मी सकाळपासून शेणाचा श्वास मोजतेय!" हसून हसून तिघींच्या डोळ्यांत पाणी.

माझा संशय तिथेच फिटला असता. पण मग तिने सगळे पाइप उपटले आणि पलीकडच्या बांधाजवळ नेऊन ठोकले. एका रांगेत, सरळ. विचारलं तर म्हणे, "इथली माती कुणी हलवलेली नाही." असेलही खरं. पण रांग कशाला गं? ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुला सगळीकडे चोरच दिसतात.

पाऊस सरला की ती परत येणार आहे. त्याआधी तू ये. तुला त्यातलं कळतं. त्या रांगेपाशी उभी राहा आणि मला सांग, हा मातीचा श्वास आहे की आमच्या वाडीची मोजणी. येशील ना लवकर?