ह्यांच्यासाठी निघालेला मोर्चा

आमचे हे पोकलेन चालवतात. लग्न झालं तेव्हा लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात होते, पण त्या खडखडाटाने कान जायला लागले. मग सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीकडे कारखान्यांचे पाये खोदणाऱ्या मशीनवर मदतनीस म्हणून चिकटले आणि बघता बघता ऑपरेटर झाले. हात चांगला होता, म्हणून ठेकेदार त्यांना लांबलांबच्या कामांवर पाठवायचा. शेवटी ईशान्येकडे, सीमेजवळच्या डोंगरात रस्त्याचं काम निघालं, तिथे गेले. जाताना म्हणाले, "थंडी खूप आहे म्हणतात." मी दोन स्वेटर दिले. तिकडे काय काय चालतं याची ना त्यांना कल्पना, ना मला.

एके दिवशी दुपारी ठेकेदाराच्या मॅनेजरचा फोन आला. मी घरी साड्यांच्या उलट्या बाजूचे धागे कापत बसले होते. तो म्हणाला, "भाभी, घाबरू नका." तेव्हाच मी घाबरले. वेगळा देश मागणाऱ्या तिकडच्या एका टोळीने कामावरून दोघांना उचलून नेलं होतं. एक हे, दुसरा बिहारचा डंपरवाला. मशीन पेटवून दिली होती. संध्याकाळी बातम्यांत कळलं की त्यांचा कुणी पुढारी तुरुंगात आहे, त्याला सोडा, मग आम्ही ह्यांना सोडू, असा निरोप आलाय.

सासूबाईंना काय सांगावं ते कळेना. आयुष्यभर सुरतेत राहूनही त्या अहिराणीच बोलतात. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "मना आंडोर कथा शे?" माझा लेक कुठे आहे? मी म्हटलं, "कामावर आहेत." दुसऱ्या दिवशी शेजारणी रडत आल्या, तेव्हा त्यांना समजलंच.

पोलिसांत गेलो, कलेक्टर कचेरीत गेलो. सगळे पाणी द्यायचे, बसा म्हणायचे, आणि वर कळवलंय म्हणायचे. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नव्हतं. ठेकेदाराने फोन उचलणं कमी केलं. अशा वेळी आमच्या भागातली नागरिक समिती दारात आली, हे मला आजही विसरता येत नाही. पर्वत पाटिया या आमच्या वस्तीच्या आसपासचे व्यापारी, दोन-तीन निवृत्त लोक, एक डॉक्टरीणबाई. अध्यक्ष साडीच्या दुकानाचे मालक, गुजराती, साठीच्या पुढचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला दीकरी, म्हणजे लेक म्हणायचे. त्यांनी माझ्या मुलीच्या शाळेत जाऊन बाईंशी बोलून घेतलं. सासूबाईंच्या औषधांचं बघितलं. कचेरीत माझ्याबरोबर स्वतः यायचे आणि मी गप्प बसले की माझ्या वतीने बोलायचे. आमच्या गावाकडच्या नात्यागोत्यातलं कुणी इतकं धावलं नाही.

फक्त एक झालं. मला काम देणाऱ्यांनाही त्यांनीच सांगितलं की बाईला सध्या त्रास देऊ नका. साड्यांचे गठ्ठे यायचे बंद झाले. दिवसभर हात रिकामे. रिकाम्या हातांनी मोबाइलकडे बघत बसायचं, हे मला धागे कापण्यापेक्षा फार जड गेलं.

काही दिवसांनी काका म्हणाले, "आता चौकात धरणं धरतो. सरकारला जाग आली पाहिजे." मला हायसं वाटलं. मग त्यांनी बॅनरचा फोटो दाखवला. वर ह्यांचा फोटो, आमच्या लग्नाच्या अल्बममधून कापलेला. खाली मोठ्या अक्षरांत हिंदीत आणि गुजरातीत लिहिलेलं: फुटीरतावाद्यांशी बोलणी नाहीत, एकाही अतिरेक्याची सुटका नाही, सरकारने कठोर व्हावे.

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "काका, त्यांच्या माणसाला सोडलं तर हे सुटतील ना?"

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, "दीकरी, तुझं मला कळतं. पण आज एक सोडला तर उद्या ते दहा जणांना उचलतील. त्या दहा बायकांना मग काय सांगायचं?"

त्यांचं म्हणणं मला पटत होतं, हीच पंचाईत होती. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या एका शहरात बॉम्बस्फोटात गेलेला. धंद्यासाठी गेला होता, परत आला नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंकडून कळलं होतं. त्या माणसापुढे मी काय वाद घालणार? तरी म्हटलं, "हे घरी येईपर्यंत तेवढं लिहू नका. नुसतं 'ह्यांना सोडवा' एवढंच लिहा."

"विचारतो सगळ्यांना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकात गेले तर बॅनर तोच होता. काकांनी नजर चुकवली. "बाकीचे ऐकेनात, दीकरी."

परत फिरावंसं वाटलं. पण एवढे लोक दुकानं बंद करून ह्यांच्यासाठी उन्हात बसलेले. मी निघून गेले असते तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं? आणि ह्या लोकांनी हात काढून घेतला तर माझ्या मागे उभं कोण राहणार होतं? मला पुढे खुर्ची दिली. सासूबाई शेजारी पदर डोळ्यांना लावून. भाषणं झाली. एकजण म्हणाला, "ह्या भगिनीने देशासाठी आपलं कुंकू पणाला लावलंय!" टाळ्या पडल्या. मी काही पणाला लावलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

माइक माझ्या हातात दिला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "ह्यांना घरी आणा. मला दुसरं काही नको." कुणीतरी माइक घेतला आणि घोषणा दिली, "बोलणी नको, कारवाई करा!" सगळा चौक तेच ओरडायला लागला. संध्याकाळी तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात माझं बोलणं नव्हतंच. मी उभी होते, मागे बॅनर होता आणि घोषणा ऐकू येत होत्या.

चार-पाच दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. ह्यांचा आवाज होता.

"मी बरा आहे. आईला सांग."

"जेवता का? अंगात स्वेटर आहे ना?"

"आहे." मग म्हणाले, "तुझा व्हिडिओ दाखवला त्यांनी मला. त्यांच्यातल्या एकाला हिंदी येतं. मागे काय लिहिलंय ते त्याने वाचून दाखवलं."

"अहो, ते मी नाही लिहिलं."

"मला माहीत आहे गं. पण त्यांना काय सांगू?"

मी काही बोलायच्या आत फोन कटला. परत लावला, तर बंद. पोलिसांनी नंबर लिहून घेतला आणि पुन्हा बसा म्हणाले.

तिथून मी तडक काकांच्या दुकानावर गेले. त्यांना फोनचं सांगितलं तसे ते गादीवरून उठले, चपला न घालताच पायरीवर येऊन बसले. "बंद करतो सगळं," म्हणाले. माझ्यासमोर त्यांनी भराभर फोन लावले. पण तोवर ते समितीपुरतं राहिलं नव्हतं. दुसऱ्या भागांत मेणबत्त्या घेऊन लोक निघाले होते, बारडोलीत कुणी निवेदन दिलं होतं, तेही त्याच शब्दांत. एकजण फोनवर काकांनाच म्हणाला, "शेठ, आता तुम्हीच नरम पडता?" त्यांनी फोन ठेवला. "दीकरी, माझ्या हातात राहिलं नाही आता." पहिल्यांदाच ते मला माझ्यासारखे दिसले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहिता येत नाही. स्वयंपाक करायचे, मुलीची वेणी घालायचे, फोन वाजला की हातातलं पडायचं. सासूबाईंनी विचारणं सोडून दिलं होतं. त्यांचं न विचारणंच जास्त लागायचं.

आणि एक दिवस सकाळी बातमी आली की हे सुटले. एका गावाबाहेर त्यांना सोडून दिलं होतं, तिथून चालत ते लष्कराच्या चौकीवर पोचले. का सोडलं, ते कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणे फौजेने जंगल वेढलं म्हणून, कुणी म्हणे तिकडच्या गावकऱ्यांनी मध्यस्थी केली, कुणी म्हणे ठेकेदाराने गुपचूप काहीतरी केलं. ह्यांनाही ठाऊक नाही. "उठ म्हणाले, उठलो. जा म्हणाले, चालायला लागलो," एवढंच ते सांगतात.

स्टेशनवर ढोल-ताशे, हार, पेढे. समितीने सत्कार ठेवला. आमच्या कठोर भूमिकेपुढे त्यांना झुकावं लागलं, असं एकजण बोलला. काका मंचावर होते, पण ते भाषणाला उठले नाहीत. ह्यांना बोलायला सांगितलं. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, हातात माइक धरायची सवय नाही. ते म्हणाले, "माझ्याबरोबरचा ड्रायव्हर अजून तिकडेच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं, बोलणं संपलं. हे तसेच उभे राहिले, मग पुन्हा म्हणाले, "तो तिकडेच आहे."

त्याच्यासाठी काकांनी निवेदन दिलं, अगदी स्वतः जाऊन. पण तो सुरतेचा नव्हता. त्याच्यासाठी चौकात कोण बसणार होतं?

घरी आल्यावर मी धीर करून विचारलं, "त्या बॅनरमुळे त्यांनी तुम्हाला मारलं का?"

हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मारायचे ते रोजच मारायचे," म्हणाले. मग जरा वेळाने, "तू फार वाळलेली दिसलीस त्यात." पुढे त्यावर आम्ही कधी बोललो नाही. हे आता जवळपासचीच कामं घेतात.

महिन्याभराने डंपरवाल्याच्या बायकोचा फोन आला. आमचा नंबर तिने ठेकेदाराच्या माणसाकडून मिळवला होता. तिच्या मागे लहान मूल रडत होतं. ती हिंदीत म्हणाली, "दीदी, आप लोगों ने क्या किया था? वही हम भी करेंगे."

मी म्हटलं, "बहन, आम्ही काही केलं नाही." तिला ते खरं वाटलं नाही. मी काहीतरी लपवतेय असं वाटलं असणार. "बता दीजिए ना," ती म्हणत राहिली. मी तिला काकांचा नंबर दिला, आमच्या कलेक्टर कचेरीचाही दिला. दुसरं माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. ती अजून अधूनमधून फोन करते. तिच्या नवऱ्याचा पत्ता नाही. फोन आला की हे उठून बाहेर जातात, आणि मी ऐकत बसते.