बिराप्पाची खोळ

म्हसवडच्या रंगुबाईला लोक दगड म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं? चव्वेचाळीस साली तिचा मुलगा बिराप्पा इटलीच्या लढाईत पडला. त्याच्या पलटणीतला गडी ती बातमी घेऊन आला तेव्हा ती मेंढरांना पाला टाकत होती. तिनं ऐकून घेतलं आणि उरलेला पाला टाकला. रडू येतच नव्हतं, तर बाईनं करावं काय?

तिचं सगळं ध्यान खुंटीवरच्या घोंगड्याकडं. घोंगड्याची कड दुमडून टोपीसारखी डोक्यावर घेतात, ती खोळ. पलटणीत जायच्या आदल्या दिवशी बिराप्पा तशी खोळ घेऊन भिजत घरी आला आणि काढली तशीच खुंटीला अडकवून गेला. घोंगडं नवं, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेलं. भिजलं तेव्हा मऊ पडलं, वाळलं तेव्हा त्याच्या डोक्याचा गोल धरून ताठ झालं. जाणते सांगतात, लोकरीच्या तंतूत काही भाग ओळीनं लागलेला असतो आणि काही नुसता गुंता. ओल शिरली की गुंता सैल पडतो, ओल गेली की असेल त्या आकारात थिजतो. रंगुबाईला एवढंच ठाऊक, की खोळीत अजून पोराचं डोकं आहे. थंडीत नवरा, तात्याबा, फाटक्या पटकुरात कुडकुडायचा, खोकायचा. पण तिनं खोळ उलगडू दिली नाही.

पौषात धुकं पडलं आणि खोळ झुकायला लागली. रंगुबाईनं चिंचोके भाजले, कुटले, शिजवले आणि खोळीवर खळीचा हात फिरवला. जन्मभर घोंगड्यांना खळ देणारी बाई, पण खळ आधी भिजवते आणि मग ताठ करते, हे नेमकं तेव्हाच विसरली. खोळ तिच्या हातात ओल्या फडक्यासारखी मिटली.

ती तशीच बसून राहिली. हात चिकट झालेले.

"आवं, मोडली खोळ," ती म्हणाली. "डोस्कं गेलं त्येचं."

तात्याबा उठला आणि अंगणात उन्हाला तोंड करून बसला.

"आण हिकडं. माझ्या डोस्क्यावर घाल. त्येचं डोस्कं माझ्यावानीच हुतं की."

"लय गार हाय. खोकला हाय तुमास्नी."

"आसूं दे. घाल."

तिनं ओलं घोंगडं त्याच्या डोक्यावर घातलं आणि पोरगा पाडायचा तशी कपाळावर चुणी पाडली. म्हातारा हलला नाही. ऊन चढलं तशी खोळ ताठत गेली.

दुपारी ती भाकरी घेऊन बाहेर आली आणि त्याच्या पाठीमागं थबकली. तीच खोळ, तोच गोल. खांदेही तेच.

"बिराप्पा," ती म्हणाली, "भाकरी खा रं."

तात्याबानं तोंड फिरवलं नाही. पाठमोराच बसून त्यानं हात मागं केला आणि भाकरी घेतली.