भट्टीपाशी बोलायचं नाही

माझ्या भावजयीवर मी जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मी फार समजूतदार बाई आहे असं कुणाला वाटायला नको. ती स्वभावाने चांगली आहे, आणि हेच माझं दुखणं आहे. वाईट असती तर एकदा कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

आम्ही भंडारी. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली की माझं माहेर. आजोबा माडावर चढायचे, वडील चढायचे. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कापायची, तिच्या तोंडाशी मडकं बांधायचं आणि त्यात ठिबकलेली माडी सकाळ-संध्याकाळ उतरवायची, हे आमचं घरचं काम. आता वडील नाहीत. भावाने वाडीत शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत आणि माडी काढायला बाहेरचा माणूस येतो. पण वर्षातून एकदा, जांभळं पिकली की आई मागच्या पडवीत भट्टी लावते. माडीत जांभळं कुस्करून आंबवायची आणि तिची दारू काढायची, पाच-सहा बाटल्या. त्यातली एक गावदेवीला, बाकीच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांना. हे कायद्यात बसत नाही, मला ठाऊक आहे. आईला तसं सांगायला गेलं की ती म्हणते, "जा, देवीला सांग."

आमच्याकडे पुरुषांनी माडावर चढायचं आणि बायकांनी भट्टीपाशी बसायचं. जांभळं हाताने कुस्करायची, बी फुटता कामा नये, नाहीतर कडवटपणा उतरतो. मग सगळं बरणीत भरून झाकायचं. आठ-दहा दिवस बरणी आतून कुजबुजत असते. कान लावला तर ऐकू येतं. ती गप्प झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं तांब्याच्या हंड्यात ओतायचं, झाकणाची फट चिकणमातीने लिंपायची आणि खाली करवंट्यांचा मंद जाळ करायचा. झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या पिंपातून जाते आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब दारू पडते.

खरी मेख त्यापुढे आहे. भावाकडे येणारे पाहुणे डोळे मिचकावून विचारतात, "पहिल्या धारेची मिळेल का हो?" मला हसू येतं. आमच्या घरात पहिली वाटी कुणी तोंडाला लावत नाही. ती जहाल असते, नुसती गुडघ्यांना चोळायची. त्यानंतरची धार खरी. आणि शेवटाला पुन्हा एक कुबट वास यायला लागतो, त्याच्या आत धार तोडावी लागते. अर्धी वाटी उशीर झाला तरी आधीची सगळी बाटली वाया जाते. पहिली कधी संपली आणि शेवटची कधी सुरू झाली, हे फक्त नाकाला कळतं. आमच्या पंचक्रोशीत ते माझ्या आईच्या नाकाला सगळ्यांत चांगलं कळायचं.

मी आठ वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी पाटावर बसायचे. नियम एकच, भट्टीपाशी बोलायचं नाही. बोललं की श्वास तोंडातून जातो आणि नाक झोपतं, असं आई म्हणायची. मी तोंड उघडलं की ती माझ्या गुडघ्यावर हात दाबायची, की मी गप्प. सकाळभर आम्ही दोघी अशा मुक्याने बसायचो. घरात भाऊ होता, वडील होते, आजी होती, आईवर सगळ्यांचा हक्क होता. पण वर्षातली ती एक सकाळ माझी होती. पंधराव्या वर्षी आईचा हात बाटलीकडे वळायच्या आधी मला कळायला लागलं. ती माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचे आणि ती धार तोडायची. "हिचं नाक माझ्यावर गेलंय," असं ती शेजारणींना सांगायची. शाळेत कधी नंबर काढला नाही, दिसायला बेताची, पण या एका वाक्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

लग्न होऊन बोरिवलीत आले, एका शाळेच्या ऑफिसात लागले. तरी भट्टीच्या दिवशी रजा टाकून जायचेच. मग भावाचं लग्न झालं. भावजय विक्रोळीच्या चाळीतली, मूळची मालवणकडची. पहिल्या वर्षी नाकाला पदर लावून ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अगो बाय, कसलो वास ह्यो!" मला बरं वाटलं. ही काही आत येत नाही, असं म्हणून मी निर्धास्त झाले.

मग ते सगळं बंद असलेलं वर्ष आलं. आईला ताप आला, उतरला आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. अगरबत्ती कळेना, सुकट कळेना. पुष्कळांचा परत आला तसा हिचाही येईल असं डॉक्टर म्हणाले. आला नाही. आणि मला हे कळलं सहा महिन्यांनी, भावाच्या तोंडून, सहज बोलता बोलता. आई मला रोज फोन करत होती, जेवलीस का म्हणून विचारत होती, पण हे मात्र तिने फक्त सुनेला सांगितलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईचं नाक गेलं याचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं, पण दुसऱ्या नंबरावर.

पुढच्या जांभळांना मी आधीच मनात ठरवून गेले की आता आईला माझी गरज आहे. तिचं गेलं तर काय झालं, तिच्यावर गेलेलं माझं शाबूत आहे. मागच्या पडवीत पोचले तर माझ्या पाटावर भावजय बसलेली. आणि बोलत होती! धार चालू असताना, तोंडाचा पट्टा सोडून.

"आई, आता नेलपॉलिशची बाटली उघडल्यासारखा येतोय... आता जरा कमी झाला. आता कसा सांगू, दप्तरात जांभूळ फुटलं आणि दोन दिवस तसंच राहिलं तर येतो ना, तसा. गोड आणि जुनाट."

आता आई हिच्या गुडघ्यावर हात दाबणार म्हणून मी वाट बघत उभी. आईने डोळे मिटले होते. ती म्हणाली, "दप्तर कापडाचं की रेक्झिनचं?"

"कापडाचं, आई. खाकी."

"हं," आई म्हणाली. "मग वाटी काढ, बाटली लाव."

शेवटी भावजय म्हणाली, "आमच्या चाळीत टाकीखाली ओलं गोणपाट पडलेलं असायचं, त्याचा यायला लागला बघा." आईने विचारलं, "टाकी सिमेंटची की पत्र्याची?" पत्र्याची होती. "मग तोड धार," आई म्हणाली.

मी म्हणाले, "आई, मी आहे ना. मला वास येतो." तर आई म्हणाली, "तू बस गं, दमून आलीस. वर्षातनं एकदा येतेस, पाहुणी तू." आईने ते मायेनेच म्हटलं, पण मी आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून रडले. दारू चांगली उतरली होती, याचा तर जास्तच राग आला.

त्यानंतर दोन वर्षं मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. ती भट्टीपाशी बडबड करते, देवीच्या कामात असं चालतं का, असं मी चुलत्याच्या कानावर घातलं. भावाला म्हणाले, "तुझी बायको पुढं पुढं करते रे." एकदा तर ऑनलाइन काचेची नळी मागवली, दारूत बुडवली की तिचा कडकपणा दाखवणारी. ती वापरली की कुणाच्या नाकाचं काम उरणार नव्हतं. माझं नाही तर कुणाचंच नको. आईने ती उलटसुलट करून बघितली, "छान आहे गं," म्हणाली आणि शोकेसमध्ये भावाच्या कॅरमच्या कपाशेजारी ठेवून दिली.

आणि या वर्षी भट्टीच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. भावजयीची आई विक्रोळीला बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि भावजय तिकडे गेली होती. बरणी गप्प झाली होती, आता थांबलं तर सगळ्याचा व्हिनेगर होणार. "ताई, तू येशील का?" भाऊ म्हणाला. एक म्हातारी बाई हाड मोडून पडली होती आणि मला आनंद झाला. लपवत नाही.

बोटीत बसले तेव्हा भावजयीचा फोन आला. मागून हॉस्पिटलचा गोंगाट ऐकू येत होता. "ताई, तुम्हाला सगळं येतंच. फक्त आईंशी बोलत रहा हां. त्या विचारतात ना, तेव्हा सांगत रहा."

"मी आठ वर्षांची असल्यापासून बसते गं तिथं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मला शिकवते!

सकाळी हंडा चढवला. माती मी लिंपली, जाळ मी लावला. आईला आता खाली बसवत नाही, तिने खुर्ची घेतली. मी पाटावर. पहिला थेंब पडला आणि आईने विचारलं, "काय गं?" मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, तिनेच शिकवलं होतं तसा. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली. पहिली वाटी मी बाजूला काढली. थोड्या वेळाने तिने परत विचारलं, "आता कसा येतोय?" "बरोबर येतोय," मी म्हणाले. मला वाटलं ती माझी परीक्षा घेतेय, नियम आठवतो का बघतेय. मला सगळे नियम आठवत होते. त्यानंतर तिने विचारलं नाही. आम्ही दोघी तशाच बसलो, अगदी पूर्वीसारख्या, आणि मध्ये कुणी नव्हतं. इतक्या सुखात मी कित्येक वर्षांत बसले नव्हते. वेळ आल्यावर कुणाकडे न बघता मी धार तोडली.

दुपारी चुलता आला. त्याने घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाला, "झकास! ही तर आईच्या हातची झाली गं तुझ्या. सूनबाईची चांगली असते, पण ही म्हणजे..." त्याने वाक्य पुरं केलं नाही तरी चाललं. भाऊही म्हणाला. मी बाटली घेऊन आईकडे गेले. तिने ती उजेडात धरली, हलवली, सवयीने नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"चांगली झाली असणार," ती म्हणाली.

"असणार म्हणजे?"

"मला कुठं काय कळतं." ती पदराने बाटलीचा काठ पुसत राहिली. "ती बसली की कळतं. ती बोलते ना सारखी. ती बोलली की मला येतो वास. खोटं नाही सांगत, येतो. वर्षभरात तेवढाच एक दिवस येतो. आज मी नुसती बसले होते."

"मग सांगायचं नाहीस?"

"विचारत होते की."

मी बाटली उचलली आणि नाकाशी धरली. सगळं होतं त्यात. जांभळाचं साल होतं, माडाचा गोडवा होता, तांबं होतं, करवंटीचा धूर होता, आणखीही पुष्कळ होतं. कुणी नुसता वास दिला असता तर शंभर बाटल्यांतून ही मी ओळखून काढली असती. आई डोळे मिटून माझ्या तोंडाकडे कान करून बसली.

"जांभळाचा येतोय," मी म्हणाले.

"हं. आणि?"

मी पुन्हा वास घेतला. विक्रोळीची टाकी, खाकी दप्तर, असलं काहीतरी माझ्याकडेही असेलच ना? पन्नास वर्षांची बाई मी. काहीही सुचेना.

"आणि दारूचा," मी म्हणाले.

आईने डोळे उघडले. हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या हातावर दोनदा थोपटलं, परीक्षेत नापास होऊन आले की थोपटायची तसं.

"ती कधी येणार म्हणाली?" तिने विचारलं.

"परवा."

"मग ही उघडी नको ठेवू," आई म्हणाली आणि माझ्या हातातून बाटली घेऊन तिने तिला बूच लावलं.