लाल दोऱ्याची पुडी

ती घटना आजही आठवली की सगळ्यात आधी मला माझाच राग येतो. नोकरीत मी पुष्कळ चोर आणि दरोडेखोर पाहिले. पण या प्रकरणात ज्याच्यावर नजर ठेवायला हवी होती, तो तपास करणारा अधिकारी होता. म्हणजे मीच.

मी तेव्हा जव्हार संस्थानात शहर ठाण्याचा फौजदार होतो. जामसरकडच्या चौकीवर दुसरा एक फौजदार होता. मूळचा मोखाड्याकडचा, पोशेऱ्याचा, शिपायापासून वर चढलेला. मी इंग्रजी शाळेत शिकून, परीक्षा देऊन लागलेला. तो एक सही करी तेवढ्या वेळात माझा अर्धा पंचनामा लिहून होई. पण तो पाड्यावर गेला की लोक घरातून खाट बाहेर आणत आणि मी गेलो की माणसे रानात पसार होत. खोटे कशाला बोलू, मी त्याच्यावर जळत होतो.

त्यात दसऱ्याची नेमबाजी. दरबारासमोर टांगलेला नारळ अधिकाऱ्यांनी रिव्हॉल्व्हरने फोडायचा, असा रिवाज होता. लागोपाठ तीन वर्षे तो नारळ त्यानेच फोडला आणि तिन्ही वेळा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना चेहरा हसरा ठेवावा लागतो, ते काम मला गोळी झाडण्यापेक्षा जड जाई.

कारखान्यात भरलेली काडतुसे मुंबईहून मोजकीच येत. ती दसऱ्यासाठी राखून ठेवत आणि सराव घरी भरलेल्या काडतुसांवर होई. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारूचे माप घालायचे आणि वर शिशाची गोळी दाबायची. संस्थानाच्या हत्यारखान्यात हे काम दाभोशाचा एक शेतकरी करी. हाताचा स्थिर आणि तोंडाचा अगदी गप्प माणूस. त्या वर्षी जुन्या काळ्या दारूऐवजी बिनधुराची नवी दारू आली आणि तिच्यासाठी लहानसे नवे माप आले. ही दारू जोराची आहे, एवढे त्याला सांगितले होते. माप कसे भरायचे हे कुणी सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे काय आहे, असेच आम्हा सगळ्यांना वाटले.

दसऱ्याला आठ दिवस होते. सकाळी चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर आधी मी सहा गोळ्या झाडल्या. मग जामसरचा फौजदार उभा राहिला. त्याच्या तिसऱ्या गोळीचा आवाज वेगळाच आला. रिव्हॉल्व्हरचे चाक फुटले होते आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. मी धावलो, फेटा सोडला आणि त्याच्या हाताला आवळून बांधला. माझ्या तत्परतेची नंतर बरीच तारीफ झाली. पण फेटा बांधताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यंदाचा नारळ माझा.

तपास माझ्याकडेच आला. दोघांची काडतुसे एकाच दारूची, एकाच हातची. माझी नीट उडाली, त्याचे फुटले. दुपारी हत्यारखान्याचा पहारेकरी ठाण्यात आला आणि दार लोटून घेऊन हळूच म्हणाला, "सायेब, जामसरच्या फौजदाराची पुडी दाभोशाच्या त्या मानसाना येगळी बांधली होती. लाल दोरा लावून. मी बघला."

खबर ऐकून मला आनंद झाला. ज्याच्यावर सगळा मुलूख जीव टाकतो, त्याच्या जिवावर कुणीतरी उठले होते. या जव्हारात माझ्या मनासारखा निदान एक माणूस निघाला, असे मला वाटले.

दाभोशाच्या माणसाला मी कोठडीत घातले आणि समोर बसवून विचारले, "पुडी वेगळी बांधलीस?"

"बांधली."

"कशासाठी?"

"त्यांची होती."

"दारू किती घातलीस?"

"एक माप. चोख."

"मग फुटलं कसं?"

"माना ठावा नाय, सायेब."

दरडावले, गोड बोललो, दोन तास उन्हात उभे केले. उत्तर तेच. खोटे बोलणारा माणूस न विचारलेले फार सांगतो. हा विचारले तेवढेच सांगत होता. अधिकाऱ्याच्या जिवावर उठल्याचा आरोप शाबीत झाला असता तर त्याचे उरलेले आयुष्य तुरुंगात जाणार होते. हे मला कळत होते आणि तरी मला तो गुन्हेगारच हवा होता.

लाल दोऱ्याच्या पुडीत काही काडतुसे शिल्लक होती. सोनाराला ठाण्यात बोलावून, पंचांसमोर त्यांतली दारू काट्यावर तोलली. प्रत्येकात दारू जास्त निघाली. पण कशात थोडी जास्त, कशात बरीच. इथे मी अडखळलो. घात करणारा माणूस एका काडतुसात दुप्पट दारू घालील, प्रत्येकात कमी-जास्त कशाला घालत बसेल?

दुसऱ्या दिवशी घराची झडती घ्यायला एका शिपायाला घेऊन मी दाभोशाला गेलो. शिपाई शेजारच्याच पाड्याचा होता. झडतीत काही मिळाले नाही. दुपार झाली होती आणि आम्हाला भाकरी करून घ्यायची होती, म्हणून त्या माणसाच्या बायकोकडे नाचणी मागितली. नवरा कोठडीत असताना तिने मुकाट्याने माप काढले. शिपायासाठी भरले तेव्हा मापाच्या काठाला हाताचा आडोसा धरून वर चांगली शीग लावली. माझ्यासाठी भरले आणि काठावरून बोट फिरवून वरचे दाणे खाली पाडले.

मी विचारले, "बाई, त्याला शीग आणि मला सपाट, असं का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो आपला मानूस. आपल्या मानसाला सपाट माप देत नाय. तुमी सरकार. सरकारला बोटाना पुसून."

मी नाचणी तिथेच ठेवली आणि उपाशी परत फिरलो.

ठाण्यात आल्यावर दारूचा डबा आणि ते लहान माप मागवले. दाभोशाच्या माणसाला बाहेर काढले आणि म्हटले, "माझ्यासाठी एक काडतूस भर." त्याने माप भरले, बोट फिरवले आणि दारू पुंगळीत ओतली. "आता जामसरच्या फौजदारांसाठी भर." त्याने माप भरले आणि काठाला दोन बोटांचा आडोसा धरून वर शीग लावली. काळ्या दारूच्या दिवसांतही तो त्यांना अशीच शीग देत आला होता. त्या दारूत शीग खपून जाई, नुसता आवाज मोठा होई. नव्या दारूत ती खपली नाही.

"ते माज्या पाड्यावर येऊन बसत," तो म्हणाला. "त्यांना सपाट कसा देऊ?" मग त्याने मापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या हातातले माप खाली पडले. "मीच केला का, सायेब?"

इथे प्रकरण संपायला हवे होते. अपघात, असा अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहू शकत होतो. मी लिहिला नाही. दोन दिवस मी त्या माणसाला कोठडीत ठेवले. कागद पूर्ण व्हायचे आहेत, असे सगळ्यांना सांगितले. खरे कारण एवढेच, की जामसरच्या फौजदारासाठी एखाद्याने इतके करावे हे मला सहन होत नव्हते. माझ्या उभ्या नोकरीत कुणी माझ्यासाठी चिमूटभर जास्त काही घातले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जामसरच्या फौजदाराची जबानी घ्यायला गेलो आणि त्याला शिगेची गोष्ट सांगितली. त्याने बांधलेल्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, "त्याला कधी सोडलंत?" मी म्हटले, "आज सोडतोय." "मग कळलं कधी?" मी खाली मान घालून कागद चाळू लागलो. ठाण्यात जाऊन मी आधी दाभोशाच्या माणसाला सोडले, मग अहवाल लिहिला.

त्या दसऱ्याला नारळ मी फोडला. टाळ्या पडल्या. गर्दीत जामसरचा फौजदार उभा होता. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणून तो डावा हात मांडीवर आपटत होता. त्याचा चेहरा मात्र खराखुरा हसरा होता.

या प्रकरणाने मला शिकवले ते पोलिसांच्या पुस्तकात नाही. तपासात आपण द्वेष शोधतो, कारण तो आपल्या ओळखीचा असतो. माया शोधायला जावे तर ती आधी आपल्याला कुणी दिलेली असावी लागते.

सेवानिवृत्त होण्याआधी शेवटच्या फिरतीवर मी मुद्दाम दाभोशाला थांबलो. त्याच घरी नाचणी मागितली. तो माणूस ओटीवर बसला होता. त्याने हत्यारखान्याचे काम केव्हाच सोडले होते. बाईने माप भरले. दाणे काठाच्या वर आले होते. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि काठावरून बोट फिरवले.

मी नाचणी घेतली. माप चोख होते.