ताईच्या गाण्याचा पुरस्कार

बाबांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा माझी मोठी बहीण नुकतीच मॅट्रिक झाली होती. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ती गायली. ते एका बंगाली संगीत दिग्दर्शकांनी ऐकलं आणि टॉलीगंजच्या स्टुडिओत तिच्याकडून सिनेमासाठी एक गाणं गाऊन घेतलं. सिनेमा लागला. गाणं पानाच्या दुकानांतल्या रेडिओवर वाजायला लागलं. आई भाजीला जाताना मुद्दाम रेंगाळून ऐकायची.

पुढे ताईच्या गळ्यात गाठ आली. श्वास कोंडायला लागला, तेव्हा ऑपरेशन करावं लागलं. ती वाचली, पण आवाज गेला. बोलायची ते नुसतं कुजबुजल्यासारखं. "येईल हळूहळू," असं बाबा म्हणत राहिले.

अशातच त्या सिनेमाच्या संगीताला पुरस्कार जाहीर झाला. दिग्दर्शकांनी आम्हाला समारंभाला बोलावलं. त्यांना ऑपरेशनचं काहीच ठाऊक नव्हतं. ताईने गळ्यावरचा व्रण पदराने झाकून घेतला. एस्प्लनेडजवळच्या त्या सभागृहात बाबा, ताई आणि मी अगदी पुढे बसलो होतो.

पदक घेतल्यावर ते माइकसमोर म्हणाले, "ज्या गळ्यातून हे गाणं आलं, ती मुलगी इथेच बसली आहे. मा, दोन ओळी गा बघू." बंगाल्यांत मुलीला लाडाने 'मा' म्हणतात.

टाळ्या सुरू झाल्या. ताई उभी राहिली. तिने खरंच सूर लावायला तोंड उघडलं. मी शेजारीच होते, मलासुद्धा फक्त श्वास ऐकू आला. बाबा घाईघाईने उठले आणि मोडक्यातोडक्या बंगालीत म्हणाले, "आज तिचा घसा बसलाय."

लोक समजुतीने हसले. कार्यक्रम पुढे सरकला.

परतताना ट्राममध्ये ताईने विचारलं, "बाबा, आवाज जाईल हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं?"

बाबा म्हणाले, "हो."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तू नको म्हणाली असतीस, बाळ."

ताईने मान हलवली. ती तसंच म्हणाली असती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ताई पुष्कळ वर्षं जगली. एका कचेरीत टायपिस्ट झाली, बाबांचं आजारपणही तिनेच काढलं. पण त्या दिवसानंतर त्यांच्यासमोर ती कधी कुजबुजलीसुद्धा नाही. काही हवं असलं की मला खुणेने सांगायची आणि मी बाबांना सांगायचे.